हिरवळ कोण उकरते, आणि उपाय कोण विकते

पहाटे दार उघडावे आणि अंगणातील हिरवळ कोणी रातोरात नांगरून ठेवल्यासारखी दिसावी, हा अनुभव डेहराडूनच्या जंगलाकडेच्या वसाहतींपासून निलगिरीतील कुन्नूरच्या बंगल्यांपर्यंत आता नवा राहिलेला नाही. गवताचे पापुद्रे उलटून पडलेले असतात, माती ओलसर आणि काळी वर आलेली असते, आणि ज्याने हे केले तो केव्हाच निघून गेलेला असतो. घरमालकाचा संताप समजण्यासारखा आहे. हिरवळ वाढवायला महिने लागतात आणि उलथायला एक रात्र पुरते. मात्र या संतापाच्या पोटी पुढे जे घडते ते विज्ञानाच्या दृष्टीने चिंताजनक आहे. गुन्हेगार कोण हे ठरण्याआधीच शिक्षेचे साहित्य विकत घेतले जाते.

गुन्हेगार ओळखणे वास्तविक अवघड नाही. रानडुक्कर नाकाडाने जमीन पुढे ढकलत जाते. त्यामुळे लांबट चर पडतात आणि गवताचे तुकडेच्या तुकडे उलटतात. साळिंदर कंद आणि मुळांसाठी नेमक्या जागी खणते. अर्धवट कुरतडलेला कंद आणि क्वचित एखादा काटा मागे ठेवते. मुंगसाची उकरण लहान असते, किडा सापडला की थांबते. घूस मात्र बिळच करते आणि तोंडाशी मातीचा ढीग रचते. (इंग्रजीतील ‘बँडिकूट’ हा शब्द तेलुगूतील ‘पंदि-कोक्कु’, म्हणजे डुक्कर-उंदीर, यावरून गेला आणि पुढे ऑस्ट्रेलियातल्या एका अगदी निराळ्या प्राण्याला जाऊन चिकटला. घुशीचे उकरणे पाहून तेलुगू माणसाला डुक्कर आठवावे, यातच पुष्कळ आले.) या चार प्राण्यांची शरीरे वेगळी, भक्ष्य वेगळे, कान वेगळे. तरीही बाजारात या सर्वांवर एकच उपाय मिळतो. तळहाताएवढी सौरपेटी, तिच्यातून निघणारा श्राव्यातीत ध्वनी, आणि खोक्यावर उंदीर, डुक्कर, माकड, साप, कुत्रा अशा सर्वांवर मारलेली लाल फुली.

या पेटीचे भौतिकशास्त्र शालेय पातळीवरच तपासता येते, आणि ते तपासले जात नाही हीच तक्रार आहे. मनुष्याच्या कानाची वरची मर्यादा सुमारे २० किलोहर्ट्झ. त्यापलीकडचा ध्वनी माणसाला त्रास न देता प्राण्याला पळवील, असा दावा असतो. परंतु ध्वनीची वारंवारता जितकी जास्त, तितकी हवा त्याला अधिक गिळते. १ किलोहर्ट्झचा ध्वनी हवेतून शंभर मीटर गेला तरी शोषणामुळे होणारी घट नगण्य असते. ४० किलोहर्ट्झचा ध्वनी सामान्य तापमानाला आणि आर्द्रतेला दर मीटरमागे सुमारे सव्वा डेसिबल गमावतो. त्याखेरीज पसरण्यामुळे होणारी घट वेगळीच. अंतर दुप्पट झाले की आणखी ६ डेसिबल जातात. आता एक मीटरवर ११० डेसिबल इतका जबर आवाज काढणारी पेटी आहे असे उदारपणे गृहीत धरावे. तीस मीटरवर पसरण्यापायी सुमारे ३० आणि शोषणापायी सुमारे ३७ डेसिबल वजा होतात. उरतात चाळिसाच्या घरातले.

डुकराला तेवढे ऐकू येते का? पाळीव डुकराच्या श्रवणक्षमतेची प्रयोगशाळेत मोजणी झालेली आहे. ६० डेसिबल पातळीवर त्याला सुमारे ४२ हर्ट्झ ते ४० किलोहर्ट्झ एवढा पट्टा ऐकू येतो, आणि त्याचा कान सर्वांत तीक्ष्ण असतो तो ८ किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे माणसालाही स्वच्छ ऐकू येणाऱ्या प्रदेशात. ४० किलोहर्ट्झला ऐकू येण्यासाठीच ज्याला साठ डेसिबल लागतात, त्याच्यापर्यंत चाळीस पोहोचले तर तो घाबरणे दूरच, त्याला काही घडले आहे याचाही पत्ता लागत नाही. ‘एक एकर संरक्षण’ या शब्दांचा अर्थ एवढाच उरतो. वारंवारता कमी करून २० किलोहर्ट्झपर्यंत आणली तर शोषण निम्म्याहून कमी होते हे खरे. पण तेथे ध्वनीची तरंगलांबी अवघी पावणेदोन सेंटिमीटर असते, आणि इतक्या आखूड लहरींना जास्वंदीचे कुंपण किंवा कुंड्यांची रांगसुद्धा आडोसा ठरते. कुंपणामागे ध्वनीची सावली पडते आणि डुक्कर त्याच सावलीत उभे असते.

घुशीच्या बाबतीत तर गणितही नको. हवेचा ध्वनिरोध आणि मातीचा ध्वनिरोध यांत इतका प्रचंड फरक आहे की हवेतून आलेला श्राव्यातीत ध्वनी जमिनीच्या पृष्ठावरून जवळपास सगळाच परततो. बिळात निवांत बसलेल्या घुशीला वरच्या पेटीचा उपद्रव होण्याचे कारण नाही. उपद्रव होतो तो घरातल्या कुत्र्याला. कुत्र्याचा कान ४५ किलोहर्ट्झपर्यंत जातो आणि ते बिचारे पेटीपासून दोन मीटरवर बांधलेले असते. आणखी एक विचित्र गोष्ट अशी, की श्राव्यातीत ध्वनीने ज्यांना थोडेफार दूर ठेवता येते असे दिसले आहे ती वटवाघळे आहेत. पवनचक्क्यांजवळ त्यांच्यासाठी असे प्रयोग झाले आहेत. ही कीटकभक्षी वटवाघळे रात्री भुंगेरे खातात, आणि त्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांसाठीच तर हिरवळ उकरली जाते.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ सालीच अशी उपकरणे बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठाहून अधिक कंपन्यांना पत्रे धाडून बजावले होते, की परिणामकारकतेच्या दाव्यांना शास्त्रीय पुरावा लागेल. त्यानंतर दोन दशके उलटून गेली. आज भारतात तीच उपकरणे घरपोच मिळतात, आणि त्यांच्या खोक्यांवरील दाव्यांचा पुरावा कोणी मागत असल्याचे दिसत नाही. जमिनीत रोवायचा, थरथरणारा जो सौरखुंटा मिळतो त्याची कथा तर विनोदी आहे. तो ज्या प्राण्यासाठी युरोप-अमेरिकेत बनवला गेला, तो जमिनीखाली बोगदे करणारा ‘मोल’ भारतात केवळ पूर्व हिमालयात आणि ईशान्येकडे आढळतो. जयपूर, बंगळूरु, नागपूर येथे तो नाहीच. आपल्याकडची चिचुंद्री दिसायला थोडी तशी असली तरी ती हिरवळीखाली बोगद्यांचे जाळे विणत नाही. म्हणजे या शहरांत खुंट्याचा दावा शंभर टक्के खरा ठरतो. खुंटा लावल्यावर एकही मोल दिसत नाही.

हसून सोडून द्यावे, तर येथे एक खोल पद्धतिदोष आहे. ‘पण आमच्याकडे फरक पडला’ असे सांगणारे लोक खोटे बोलत नसतात. फरक पडतोच, पण तो कशामुळे? उत्तर हुमणीच्या जीवनक्रमात आहे. पावसाच्या पहिल्या सरींनंतर संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात, कडुलिंब-बाभळीचा पाला खातात आणि मातीत अंडी घालतात. पावसाळाभर अळ्या गवताची मुळे खात वाढतात. भाद्रपद-आश्विनात त्या सर्वांत जाड, पांढऱ्या आणि पौष्टिक असतात, आणि उकराउकरी तेव्हाच शिगेला पोहोचते. त्यानंतर अळ्या खोल जाऊन कोषात शिरतात. आता कल्पना करावी, की त्रासलेल्या गृहस्थाने सप्टेंबरअखेर पेटी विकत घेतली. नोव्हेंबरात उकरणे थांबते. पेटी नसती तरी थांबले असते, कारण जेवणच संपलेले असते. दुखणे कळसाला पोहोचल्यावर घेतलेले कोणतेही औषध गुणकारी वाटते. जत्रेतल्या वैदूचा सारा व्यवसाय याच तत्त्वावर चालतो. शेजारचा तसाच एक तुकडा पेटीविना सोडून दोन्हींची तुलना केल्याशिवाय काहीच सिद्ध होत नाही. शिवाय सवयीचा प्रश्न उरतोच. आवाज, दिवा, बुजगावणे यांना प्राणी प्रथम दबकतात आणि धोका प्रत्यक्षात येत नाही असे दिसले की काही दिवसांत सरावतात. अलीकडे संवेदक बसवून प्राणी आल्यावरच, आणि दर वेळी निराळा, श्राव्य आवाज व प्रकाश सोडणारी यंत्रे येत आहेत. त्यांच्यामागची कल्पना तरी सयुक्तिक आहे, कारण अनपेक्षिताला सरावायला वेळ लागतो. परंतु त्यांनाही तुलनेच्या तुकड्याची कसोटी माफ नाही.

या लहानशा पेटीवर इतके शब्द खर्च करण्याचे कारण तिची किंमत नव्हे. पेटी निरुपयोगी ठरली की माणूस पुढच्या पायरीवर जातो, आणि पुढच्या पायऱ्या जीवघेण्या आहेत. २०२० च्या मे महिन्यात केरळच्या पलक्कड जिल्ह्यात एक गाभण हत्तीण तोंडात स्फोट होऊन जखमी झाली आणि नदीच्या पाण्यात उभ्या-उभ्या मेली. देशभर हळहळ झाली. फळात भरलेली ती स्फोटके हत्तीसाठी नव्हेत, तर रानडुकरांसाठी ठेवली जातात, ही गोष्ट मात्र हळहळीच्या गदारोळात मागे पडली. तशीच तारांची गोष्ट. कुंपणाला थेट घरगुती वीज जोडणारे लोक दरवर्षी माणसे मारतात, आणि भारतात हत्तींच्या अनैसर्गिक मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण विजेचा धक्का हेच आहे.

येथेही भौतिकशास्त्राचे साधे ज्ञान जीव वाचवू शकते. मान्यताप्राप्त सौरकुंपणाचे यंत्र तारेत काही हजार व्होल्टचा झटका सोडते, तो सेकंदातून फार तर एकदा, सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी काळ. आणि आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्या झटक्याची ऊर्जा ५ ज्यूलपेक्षा जास्त असू शकत नाही. दोन झटक्यांच्या मधल्या काळात स्नायू सुटतात, प्राणी मागे सरतो. घरातील २३० व्होल्ट ऐकायला त्या मानाने किरकोळ. पण तो प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तनांनी अखंड वाहतो, स्नायू आवळून धरतो, आणि तारेला चिकटलेला जीव सुटत नाही. हजारो व्होल्टचे कुंपण सुरक्षित आणि २३० व्होल्टचे प्राणघातक, हे विधान सामान्य बुद्धीला उलटे वाटते, आणि म्हणूनच ते पुनःपुन्हा सांगितले गेले पाहिजे. विज्ञानप्रसाराच्या नावाखाली कृष्णविवरांची चित्रे वाटणाऱ्यांनी हा एक परिच्छेद प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला असता तर अधिक पुण्य लागले असते.

विषाची कथा अशीच. हुमणीवर वर्षानुवर्षे फोरेटचे दाणे टाकले गेले. ते इतके जहाल, की ३१ डिसेंबर २०२० पासून देशात त्यावर बंदी आहे. घुशीसाठी ठेवलेले ब्रोमाडायोलोन घुशीपाशी थांबत नाही. विष खाऊन मंदावलेली घूस गव्हाणी घुबडाला किंवा मुंगसाला सहज सापडते, आणि मग घुशींचे नैसर्गिक शत्रूच कमी होतात.

घरगुती पातळीवर जी चूक पेटीच्या रूपाने होते, तीच राष्ट्रीय पातळीवर अधिसूचनेच्या रूपाने होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ६२ नुसार केंद्र सरकार एखादा प्राणी ठरावीक प्रदेशात आणि ठरावीक काळापुरता उपद्रवी घोषित करू शकते. मग त्याला मारणे गुन्हा राहत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये बिहारमधील काही जिल्ह्यांत नीलगाय व रानडुक्कर, आणि २०१६ च्या आरंभी उत्तराखंडात रानडुक्कर अशा घोषणा झाल्या. जून २०१६ मध्ये मोकामा येथे बाहेरून बोलावलेल्या नेमबाजांनी काही दिवसांत दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या, आणि केंद्रीय मंत्रिमंडळातल्याच दोन मंत्र्यांत, मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर यांच्यात, जाहीर वाद झाला. वादात करुणा होती, शेतकऱ्याची कड होती. संख्या कोणापाशीच नव्हती. मारण्याआधी किती नीलगायी होत्या, नंतर किती उरल्या, पुढच्या हंगामात पिकाचे नुकसान किती घटले, या तीन आकड्यांशिवाय तो प्रयोग ठरत नाही. ती बंदुकीच्या रूपातली सौरपेटी ठरते. केरळने मे २०२२ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना रानडुकरे मारण्याची परवानगी देण्याचे अधिकार सोपवले, आणि विष, स्फोटके, वीज हे मार्ग वर्ज्य ठेवले. विकेंद्रीकरणाच्या दृष्टीने हे पाऊल निश्चितच अधिक शहाणपणाचे आहे. परंतु २०२० पासून भारतात शिरलेला आफ्रिकन स्वाइन फिव्हर रानडुकरांतही पसरतो आहे; २०२३ च्या सुरुवातीला मुदुमलईत त्याने रानडुकरे मेली. एकीकडे रोग मारतो आहे, दुसरीकडे बंदूक. नुकसान घटले तर श्रेय कोणाला द्यायचे, हे मोजणीवाचून सांगता येणार नाही.

शिकार अजिबात नको, अशी भूमिका यातून निघत नाही. माधव गाडगीळ यांच्यासारख्या ज्येष्ठ परिसरशास्त्रज्ञाने रानडुकराच्या नियंत्रित शिकारीस मुभा द्यावी, असे जाहीरपणे मांडले होते, आणि त्या मताला प्राणिप्रेमाच्या एका उसाशाने उत्तर देता येत नाही. मोजणी झाली तर ती कधी कधी शेतकऱ्याच्याच बाजूने साक्ष देते. ताडोबाच्या पश्चिम सीमेवरील शेतांमध्ये मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की पंचनाम्यात डोळ्यांना दिसणारे नुकसान आणि प्रत्यक्ष घटलेले उत्पन्न यांत मोठी तफावत असते. डोळा कमी सांगतो. कोंब खाल्लेले रोप उभे राहते, हिरवेही दिसते, फक्त दाणा धरत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने वन्यप्राण्यांकडून होणारे पीकनुकसान २०२६ च्या खरिपापासून पीकविम्याच्या कक्षेत घेण्याचे जाहीर केले. ७२ तासांत अॅपवर छायाचित्रांसह नोंद करावयाची आहे. पाऊल स्वागतार्ह आहे. पण छायाचित्रात जे दिसत नाही त्याचे काय, हा प्रश्न ताडोबाच्या अभ्यासाने आधीच विचारून ठेवला आहे.

आणि येथेच हिरवळीचा मालक आणि शेतकरी यांची फारकत केली पाहिजे. रात्रभर माचाणावर डबा बडवत बसणाऱ्या गढवाली शेतकऱ्याचे पोट त्या चार गुंठ्यांवर असते. बंगल्यापुढची हिरवळ उकरली गेली तर जाते ती शोभा. दोघांची तक्रार एकाच शब्दात, ‘उपद्रव’ या शब्दात, नोंदली जाते, आणि बहुधा ज्याचा आवाज शहरात पोहोचतो त्याची तक्रार आधी ऐकली जाते. रानडुक्कर हा भारताचा मूळ रहिवासी आहे. जेथे माणसाने त्याला परका म्हणून नेऊन सोडले, त्या खंडांवरील उकरण्यामुळे मातीतून वर्षाला सुमारे ४९ लाख टन कार्बन डायऑक्साइड सुटतो, असा अंदाज २०२१ च्या एका अभ्यासाने मांडला होता, आणि तो आकडा आपल्याकडेही उत्साहाने फिरवला गेला. तो आकडा भारताचा नव्हता. येथील जंगलात त्याचे उकरणे हा मातीच्या जुन्या व्यवहाराचाच एक भाग आहे. तो व्यवहार अंगणापर्यंत आला, कारण अंगण जंगलापर्यंत गेले.

खरे तर हिरवळीची रचनाच आमंत्रणासारखी असते. एप्रिल-मेमध्ये भोवतालची जमीन विटेसारखी कडक झालेली असताना रोज पाणी प्यायलेला तेवढाच तुकडा मऊ असतो; गांडुळे आणि अळ्या तेथेच वर येतात. पहिल्या पावसानंतर रात्रभर जळणारे बागेतले दिवे भुंगेऱ्यांना अंडी घालायला बोलावतात. म्हणून मृगाच्या आसपास ते पंधरा-वीस दिवस दिवे मालवणे आणि झाडाखाली पडलेले भुंगेरे गोळा करणे हे कोणत्याही पेटीपेक्षा सरस ठरते. अळ्या असतीलच तर मेटारायझियम ही बुरशी मातीत मिसळता येते; ती हुमणीला रोगी करते. पाणी रोज थोडे देण्याऐवजी काही दिवसांआड खोलवर द्यावे, म्हणजे पृष्ठभाग कोरडा राहतो. ओला कचरा रात्री उघडा ठेवू नये. आणि ज्याला खात्रीच हवी त्याने मजबूत जाळी लावावी. ती जमिनीत फूटभर गाडलेली आणि तळाशी बाहेरच्या बाजूला काटकोनात वळवलेली असावी, कारण डुक्कर आणि साळिंदर दोघेही कुंपणाच्या बुडाशीच खणतात. जाळी महाग पडते, दिसायलाही बरी नसते; पण ती डुकराच्या कानावर अवलंबून नसते.

उलटलेल्या गवताचे काय करावे, हे मात्र माळ्याला विचारावे. तो सांगेल, की उन्हे चढण्याआधी तुकडे मुळांकडून पालथे घालून पायाने दाबून टाका आणि पाणी द्या. उघड्या पडलेल्या अळ्या साळुंक्या तोवर वेचून नेतातच. दोन-तीन आठवड्यांत गवत पुन्हा मूळ धरते. हरळी असेल तर त्याहूनही लवकर.